मिस कॉलवरची मोटार

कडूबा सकाळपासून मोटारीला फोन लावत होता आणि मोटार उचलत नव्हती.

लाईट येऊन बराच वेळ झाला होता. नुकतीच लावलेली अद्रक तहानलेली होती. खुलताबादच्या डोंगराखालचं रान असं तापलेलं, की ढेकळावर उभं राहिलं तर चपलीचा वास यायचा.

"तिला राग आला असंल," मनकर्णाबाई म्हणाली. "काल तुमी विहिरीत पाणी नसताना उठवलं तिला."

कडूबाला बायकोची थट्टा कळली नाही. खरंच तसं असेल का, याचा त्यानं थोडा विचार केला.

म्हशीची एक वगार विकून त्यानं ते यंत्र आणलं होतं. विहिरीवर एक करडा डबा, डब्यात सिम. घरून मिस कॉल दिला की मोटार चालू व्हायची आणि उलट फोन यायचा. त्यात एक बाई बोलायची, "मोटार चालू झाली आहे. धन्यवाद." कडूबाला घरात आजवर कुणी धन्यवाद म्हटलं नव्हतं. तो रोज तिला "बरं बाई" म्हणायचा. लाईट आली की आपोआप मोटार चालू करणारा साधा ऑटो बसवला असता तर कमी व्होल्टेजला मोटार जळाली असती. हा डबा आधी व्होल्टेज बघायचा, मग उठायचा. शहाणा होता.

या शहाणपणाच्या भरवशावर कडूबानं एक मोठी गोष्ट गमावली होती. भावांच्या वाटणीत विहीर आली कडूबाकडं, पण विहिरीला जाणारी पायवाट थोरल्या धोंडिबाच्या रानातून. दुसऱ्या अंगानं ओढ्याची उभी दरड. तिकडून जायचं तर माणसाला शेरडाचे पाय लागतात. पायवाटेवरून दोघांची रोजची कुरकुर होती. डबा बसला त्या दिवशी कडूबा बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "तुही वाट तुलाच ठेव. मी शहरात गुलमंडीच्या बाजारात बसून मोटार चालू करतो."

आणि केलीही. मनकर्णाबाईला लुगडं घ्यायला गेला आणि दुकानात फोन स्पीकरवर टाकला. दुकानदारानं त्या बाईला ऐकूनही भाव कमी केला नाही.

धोंडिबानं त्याच आठवड्यात पायवाट नांगरून मका पेरला. तेव्हापासून बोलणं बंद.

मोटार उचलेना म्हणून कडूबा शहरात यंत्र घेतलेल्या दुकानात गेला. तिथल्या पोरानं समजावलं की हा डबा जुन्या नेटवर्कवर चालायचा आणि तुमच्याकडच्या टॉवरवर ते बंद झालंय.

"मग सिम बदल."

"सिमनं भागत नाही काका. डबा बदलावा लागंल."

"डबा तं नवा हाये."

"नवा आहे. पण जुना झालाय."

कडूबानं एसटीत बसून पूर्ण रस्ताभर या वाक्याचा विचार केला. नवीन डबा किती दिवस चालेल, हे त्यानं निघताना विचारलं होतं. पोरगं म्हणालं, पुढचं नेटवर्क येईपर्यंत. ते कधी येणार? तर आलंय म्हणे, फक्त आपल्याकडं नाही.

तिसऱ्या दिवशी अद्रकीची पानं वळायला लागली. चार पाच दिवस असंच गेलं तर रान नांगरून टाकायचं, एवढंच उरलं असतं. कडूबा बांधावर गेला. धोंडिबा बैलाला वैरण टाकत होता. बोलणं बंद असल्यामुळं कडूबा बैलाशी बोलला.

"लाल्या, अद्रक जळून ऱ्हायली रे."

धोंडिबानंही बैलाकडंच पाहिलं. "लाल्या, त्याला म्हण, गुलमंडीत जाऊन बस."

लाल्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि कडबा खाल्ला.

कडूबा तिथंच उभा राहिला. शेवटी धोंडिबा बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "वाट मिळणार नाय. मका हाये. लाईट आली का मिस कॉल द्यावा. बटन मी दाबीन."

मनकर्णाबाईनं त्याच दिवशी फोनमधल्या 'मोटार' या नावाखाली थोरल्या दिराचा नंबर घातला.

तेव्हापासून कडूबा मिस कॉल द्यायचा. जरा वेळानं उलट फोन यायचा. धोंडिबा "चालू" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. धन्यवाद नाही. व्होल्टेज कमी असेल तर "थांब" म्हणायचा. मनकर्णाबाईचं म्हणणं, हे मॉडेल खडूस आहे, पण नेटवर्क बदललं तरी बदलावं लागत नाही. अद्रकीनं मान वर केली.

मग एकदा "चालू" म्हटल्यावर फोन ठेवला गेला नाही.

"मोटारीचा आवाज बदललाय," धोंडिबा म्हणाला. "येऊन बघ. जळंल नाय तर."

कडूबा म्हणाला, "येऊ कुठून?"

पलीकडं मोटार घरघरत होती. मका सळसळत होता.

"माह्या रानातून ये, अजून कुठून," धोंडिबा म्हणाला. "दोन सरींच्या मधून चाल. मक्याचं एक जरी ताट मोडलं तं उद्यापासून बटन तू दाबायचं."

"बरं बाई," कडूबा सवयीनं म्हणाला, आणि चपला हातात घेऊन निघाला.