तिसऱ्या जोडीची तार

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये टोप्या घडवणाऱ्या बाईला छंद असावा आणि तोही पुन्हा डोळे फोडून घेण्याचाच, हे तिच्या नवऱ्याला लग्नाला बावीस वर्षं होऊनही पटलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती हेलिकॉप्टरच्या छोट्या प्रतिकृतींचे सुटे भाग तपासायची. या प्रतिकृतींच्या खोक्यात प्लास्टिकचे जे भाग मिळतात ते बहुधा ढोबळ असतात. वैमानिकाची खुर्ची म्हणजे नुसता ठोकळा. म्हणून काही हौशी कारागीर तेच भाग रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या द्रवात, बारकाव्यांसह ओतून विकतात आणि विकायला काढण्याआधी तिच्याकडे पाठवतात. तिने अर्धं पान लिहिलं की विकत घेणारी मंडळी डोळे मिटून विश्वास ठेवायची. सगळे तिला भिंगबाई म्हणत. हे नाव तिला मुळीच आवडायचं नाही, पण हाक आली की ओ मात्र ती द्यायची.

त्या सकाळी आलेलं पाकीट घरचंच होतं. आतला भाग म्हणजे चार पाती ज्याला बसतात तो मधला माथा, आणि तो घडवला होता तिच्या थोरल्या भावाने. दादा एकतीस वर्षं खऱ्या हेलिकॉप्टरांवर मेकॅनिक होता. सध्या पेशंट वाहून नेणारी चार हेलिकॉप्टरं त्याच्या हाताखाली होती. हा मूळ नमुना त्याने फावल्या वेळात घरी केला, एका ओळखीच्या साचेवाल्याने त्याचा साचा घेऊन रेझिन ओतलं, आणि आता भिंगबाईंचा शेरा हवा होता. भावाचं काम म्हणून हात सैल सोडायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. तशी गरज नव्हती म्हणा. दादाच्या कामात खोट काढणं अजून कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

तिने भाग साबणाच्या पाण्यात धुतला, खिडकीशी धरून आत हवेचे बुडबुडे शोधले, मग मोजमाप घेतलं. रेझिन सुकताना किंचित आकसतं, तेवढंच आकसलं होतं. मग भिंग. पाती बसतात त्या चारही बाहूंवर बोल्टांची एकेक जोडी होती आणि प्रत्येक जोडी केसाएवढ्या तारेने एकमेकांना बांधलेली. पहिली जोडी बघून ती एकटीच असूनही मोठ्याने ‘वा’ म्हणाली. दुसरीही तशीच. तिसऱ्या जोडीवर तिने भिंग पुसून पुन्हा धरलं.

तार उलट बांधलेली होती.

उडताना हेलिकॉप्टर थरथरतं, त्याने बोल्ट सुटू नयेत म्हणून ही तार असते. एक बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने दुसऱ्याला आवळलं पाहिजे, अशा बाजूनेच ती बांधायची. उलट बांधली तर ती बोल्टला धरून ठेवत नाही, सुटायला वाट देते. ती दहा वर्षांची असताना दादा नवशिका होता आणि फळीवर बोल्ट ठोकून घरी सराव करायचा. तिलाही त्याने शिकवलं होतं. चुकलं की टपली मिळायची, म्हणून ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

चौथी जोडीही उलटीच होती.

तिने साचेवाल्याला फोन लावला आणि आडवळणाने विचारलं, साच्यात काही उलटंपालटं होऊ शकतं का? तो हसत सुटला. बुडबुडा येईल, कड तुटेल, शिवण दिसेल, पण डावं उजवं होणार नाही, भिंगबाईंनी हे विचारावं म्हणजे कमाल झाली, असं म्हणून त्याने फोन ठेवला. तिलाही ते ठाऊक होतंच. दादाने नमुन्यासाठी वापरलेला फोटो पाकिटातच होता, तोही आरशातल्यासारखा उलटलेला नव्हता. म्हणजे चूक हाताची होती.

छंदातली चूक, कुणाचं काय बिघडलं, असं मनाला समजावत ती चहा करायला उठली. शेगडीची कळ फिरवताना मात्र तिला आठवलं. गेल्या महिन्यात दादाने सहज फोन करून विचारलं होतं की गॅसची कळ बंद कुठल्या बाजूला होते. सबंध आयुष्य पान्याने बोल्ट आवळण्यात घालवलेल्या माणसाने हे विचारावं यावर दोघंही पोट धरून हसले होते. आता तिला त्या हसण्याची लाज वाटली. हातून टेबलावर जे घडलं ते हँगरमध्ये खऱ्या हेलिकॉप्टरवरही घडत असेल तर? तिथल्या प्रत्येक कामावर दुसऱ्या माणसाने तपासून सही करायची असते. पण दुसरी माणसं म्हणजे दादाने हाताला धरून शिकवलेली, त्याला काका म्हणणारी. काकांनी बांधलंय म्हटल्यावर ती सही ठोकून मोकळी होत, हे दादाच अभिमानाने सांगायचा.

चहा तसाच टाकून ती निघाली. रस्ताभर तिला दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. आपलं खरं ठरलं तर दादाचं काम सुटणार, आणि त्या कामावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं. आपलं खोटं ठरलं तर तो आपल्याशी वर्षभर तरी बोलणार नाही. हे दुसरं व्हावं म्हणून तिने मनातल्या मनात हात जोडले.

वहिनीने दार उघडलं. दादा पहाटेची पाळी करून आला होता, आठवडाभर एका हेलिकॉप्टरचा माथाच उघडून बसला होता, आज एकदाचं उरकलं, असं वहिनीने उत्साहाने सांगितलं. ते ऐकून ती चपला न काढताच आत गेली.

दादा टेबलाशीच होता. तिला बघून त्याने आधी थट्टा केली, की परीक्षक घरी यायला लागले म्हणजे लाच मागायला आले असणार. तिने भाग त्याच्यापुढे ठेवला, भिंग दिलं आणि तिसरी जोडी बघायला सांगितलं.

त्याने बघितलं. “मग? झकास आहे की.”

“आता पहिली बघ.”

त्याने पहिली बघितली. मग तिसरी. मग पुन्हा पहिली. त्याच्या मानेवर घाम आलेला तिला दिसला. भिंग खाली ठेवून तो म्हणाला की साच्यात काहीतरी झालं असेल.

“दादा, साचा तारेची बाजू बदलत नाही.”

हे त्यानेच तिला कधीकाळी सांगितलं असतं. दोन्ही जोड्या वेगळ्या आहेत एवढं त्याला दिसत होतं. त्याने उजवा हात उचलला, हवेत बोल्ट आवळल्यासारखा फिरवला, मग उलटा फिरवला, आणि तसाच थांबला. तिच्याकडे न बघता त्याने हळूच विचारलं, “चिमे, यातली बरोबर कुठली?”

तिला रडू फुटलं. ती ते लपवायच्या भानगडीत पडली नाही. तिने पहिल्या जोडीवर बोट ठेवलं.

त्याने भाग बाजूला सारला. मग त्याने फोन उचलला आणि हँगरला लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडे त्याच्याच हाताखालचा मेकॅनिक होता. दादाने सांगितलं की आज सोडलेलं हेलिकॉप्टर उडवायचं नाही, माथ्यावरच्या सगळ्या तारा पुन्हा बघायच्या. पलीकडचा म्हणाला, “काका, ते तर वर आहे. पेशंट आणायला निघालंय. पेशंट अजून घेतलेला नाही, पण डॉक्टर, नर्स आहेत आत.”

“उतरव,” दादा म्हणाला. “जवळ जिथे जागा असेल तिथे. कारण मी नंतर सांगतो.”

पेशंटसाठी दुसरं पाठवा, ज्याच्या तारांना माझा हात लागला नाही असं, हेही त्याला सुचलं आणि त्याने सांगितलं. मग तिघं त्या खोलीत बसून राहिली. वहिनीला धड काही कळलं नव्हतं. दादा आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होता. तिने एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही. घड्याळात पाहायचं नाही असं ठरवूनही ती पाहत राहिली. चौतीस मिनिटं झाली.

फोन वाजला. हेलिकॉप्टर एका शाळेच्या मैदानात उतरलं होतं. वैमानिकाने वर चढून फोटो पाठवले होते. “एक जोडी उलटी आहे, काका,” मेकॅनिक म्हणाला. “एक बोल्ट हाताने हलतोय म्हणतात.” मग त्याच्याकडून कागद उलटल्याचा आवाज आला. “खाली माझी सही आहे. मी बघितलंच नव्हतं.”

“मी बांधलं होतं म्हणून?”

“हो.”

“यापुढे बघत जा,” दादा म्हणाला, आणि फोन बहिणीच्या हातात दिला, कारण तो बंद कसा करायचा हे त्याला सुचेना.