शकूच्या टाक्यांची गोधडी

घाबरू नका, बोलतेय ती मीच, सीतारामरावांच्या अंगावरची गोधडी. आम्ही गोधड्या सहसा तोंड उघडत नाही. घोरणं, कुजबुज, हुंदके, सगळं पोटात घ्यायचं आणि गप्प पडून राहायचं, हा आमचा जातीचा स्वभाव. पण एक गोष्ट माझ्या पोटात काही केल्या मावत नाही.

माझा जन्म शहाडचा, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतला. मला शिवायला घेतलं शकूने, म्हणजे सीतारामरावांच्या बायकोने. वरून तिच्या मऊ झालेल्या सुती साड्या, आत त्यांची कारखान्यातली खाकी पँट आणि लेकीचे, अमृताचे, लहानपणचे फ्रॉक. मला खोलीभर अंथरून शकू माझ्यावरच मांडी घालायची आणि कडेकडेने टाके घालत मध्याकडे सरकायची. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. तोंडाचा पट्टा मात्र चालू! शेजारीण, भाजीवाला, नवरा, कुणाची सुटका नव्हती. मला ते फार आवडायचं.

मध्ये सुपाएवढी जागा उरली होती. दूध उतू जाईल म्हणून शकूने सुई माझ्यात टोचून ठेवली आणि उठली. गॅस बंद केला आणि ओट्याशीच कोसळली. माणसं धावली, रडली, तिला घेऊन गेली. मी सुईसकट तशीच पडून होते. मग कुणीतरी माझी घडी घालून मला कपाटावर टाकलं.

वर्षश्राद्ध झालं आणि खालच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी मला पाहिलं. बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, सगळ्या गोष्टींना त्यांच्याकडे नियम.

"अगं अमृता, अर्धी गोधडी घरात ठिवत न्हाईत. घालणारीचा जीव टाक्यात अडकतो. पुरी कर बाई, मोकळी कर तिला."

"मावशी, मला साधं बटण लावता येत नाही!"

"मग शीक. आईचीच सुई हाय, आईचाच दोरा हाय."

अमृता ठाण्याला एका वकिलांच्या ऑफिसात कामाला. संध्याकाळी घरी आली की माझ्यावर बसू लागली. देवा रे, काय ते टाके! एक बोटभर, एक नखाएवढा, मध्येच दोरा गोळा होऊन गाठ. सुई माझ्यात कमी आणि तिच्या बोटात जास्त. विमलाबाई कपाळावर हात मारायच्या. "टाका हाय का उंटाची ढांग?" पण पोरगी चिवट. शकूसारखीच. आणि एक सांगते, विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका: ती बसली की माझ्यावर दोघींचं वजन पडायचं.

दुसऱ्या संध्याकाळी तिने मला उलगडलं आणि ती बोटाने टाके शोधू लागली. तिने घातलेली ओळ नव्हती. एकही टाका नव्हता, नुसती भोकं.

"बाबा, तुम्ही हात लावलेला का हिला?"

"मला कशाला विचारतेस?" सीतारामराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

तिने पुन्हा घातली. पुन्हा उसवलेली. असं रोज होऊ लागलं. विमलाबाईंनी माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "शकूला तुझं टाकं पसंत न्हाईत गं."

अमृता त्या संध्याकाळी माझ्यात तोंड खुपसून रडली. "आई, शिकतेय ना मी. एवढी का रागावतेस?" मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, तुझी आई नव्हे, तुझा बाप! दुपारी तू ठाण्यात असतेस तेव्हा चष्मा लावून, दाढीचं पातं घेऊन तो माझ्याशी बसतो. तुझी ओळ उसवतो आणि शकूच्या टाक्यांवरून हात फिरवत म्हणतो, "एवढ्यात नको जाऊस गं. ही गोधडी पुरी झाली की पोरगी तुला मोकळी करणार." विमलाबाईंचा तो नियम म्हाताऱ्याने मनाला लावून घेतला होता. पण गोधडीचा आवाज कोणाला ऐकू जातो?

रोज घालायचं, रोज उसवलेलं बघायचं. पण रोज नव्याने घालून पोरीचा हात बसला. टाके आखडले, सरळ झाले. पुढे पुढे विमलाबाईही गप्प बसून नुसत्या बघत राहायच्या. ज्याला शिवू द्यायचं नव्हतं त्यानेच तिला शिवायला शिकवलं.

मग एका संध्याकाळी अमृता उशिरा आली, दमली होती, जेवून झोपली. मला कोणी उलगडलंच नाही.

दुसऱ्या दुपारी सीतारामराव पातं घेऊन बसले. नेहमीसारखी सगळ्यात आतली ओळ बोटाने चाचपली. टाके बारीक, तांदळाएवढे. "शिकली की पोरगी," ते कौतुकाने पुटपुटले आणि त्यांनी पातं लावलं. मी अंग आखडून घेतलं, दोरा घट्ट धरला. माझ्या धरण्याने काय होणार? ओळ सुटत गेली, दोरा त्यांनी बोटाला गुंडाळत नेला.

ऑफिसातून अर्ध्या दिवसाने सुटलेली अमृता दारात उभी होती. आधी तिला राग आला, मग काहीतरी उमगलं. ती जवळ येऊन बसली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "काल मी टाकाच घातला नव्हता."

सीतारामरावांनी बोटाच्या दोऱ्याकडे पाहिलं. शकूने दूध बघायला उठायच्या आधी घातलेली ओळ होती ती. मी खूप रडणी सोसली आहेत, पण तसं रडणं पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये.

अमृता त्यांना एका शब्दानेही टाकून बोलली नाही. तिने सुई ओवली आणि शकूच्याच भोकांतून एकेक टाका परत घातला. मग मधली सगळी जागा भरली आणि दोरा दाताने तोडला. त्यानंतर पातं कोणी हातात घेतलं नाही.

आता मी सीतारामरावांच्या अंगावर असते. लेक चहा घेऊन आली की ते माझ्या मध्यावर बोट ठेवून विचारतात, "ही ओळ तिची ना गं?" कधी बोट बरोबर पडतं, बहुतेक वेळा चुकतं. अमृता न बघताच म्हणते, "हो बाबा, आईचीच."

तुम्ही कधी या घरी आलात आणि तुम्हाला टाक्यातलं कळत असलं, तरी कृपा करून माझ्याकडे निरखून बघू नका.