कापलेला काठ

मास्तरांनी मला चित्रं काढायला शिकवलं, पण माझा हात काही बसला नाही. शेवटी मी सिनेमांच्या कॅसेट काढणाऱ्या एका कंपनीत लागले. थिएटरचं चित्र रुंद, घरच्या टीव्हीचं चौकोनी. मग प्रत्येक दृश्यातली कुठली बाजू ठेवायची आणि कुठली कापायची, हे मी ठरवायचे.

मास्तरांनी हातानं चित्रं काढून केलेला हरणांचा सिनेमाही माझ्याच हाताखालून गेला. त्यात पुराचं दृश्य होतं. एका टोकाला वाहून जाणारं पाडस, दुसऱ्या टोकाला काठानं धावणारी त्याची आई. दोघं एका चौकोनात मावेनात. मी पाडस ठेवलं.

पुढे मास्तर वारले आणि कंपनीनं तोच सिनेमा मूळ रुंदीत पुन्हा काढायला घेतला. दोन्ही प्रती शेजारी-शेजारी लावून ताडून बघायचं काम माझ्याकडे आलं. नव्या प्रतीत वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या, पण चित्र अख्खं होतं. पुराच्या दृश्यात हरिणी ठेचकाळत, पडत, पुन्हा उठून जिवाच्या आकांतानं धावत होती. शेजारच्या पडद्यावर नुसतं पाणी आणि पाडस. त्याच्यासाठी कुणी आलंच नव्हतं.

मास्तरांनी हा सिनेमा करायला घेतला त्याच्या आदल्या वर्षी त्यांची मुलगी नदीत बुडाली होती. तेव्हा तिच्यासोबत फक्त काकू होत्या, मास्तरांच्या पत्नी. नंतर त्या थिएटरात गेल्याच नाहीत.

मी नवी डिस्क घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, कॅसेट एकदा पाहिली आहे, तेवढं पुरे. त्यांना बरं वाटेल अशा भाबड्या समजुतीनं मी आग्रह धरला.

हरिणी दिसली तशा काकू खुर्चीतून पुढे सरकल्या. त्यांनी ते दृश्य तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा हरिणी पडली तेव्हा त्यांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर होता.

"ही कॅसेटमध्ये नव्हती," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "नव्हती. मीच कापली होती."

त्यांनी पडद्यावरचं चित्र थांबवायला सांगितलं. मग सांगू लागल्या. त्या दिवशी त्या काठानं धावल्या होत्या, दोन्ही गुडघे फुटले होते. मास्तरांनी कधी एका शब्दानं दोष दिला नाही. पण कॅसेटमधलं ते एकटं पाडस पाहिलं आणि त्यांना वाटलं, तोंडानं जे बोलवत नाही ते यांनी चित्रातून बोलून दाखवलं. त्या रात्रीपासून त्यांनी आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत घातलं. का, ते मास्तरांनी दोनदा विचारलं, नंतर विचारणं सोडलं. शेवटच्या आजारातही त्यांना पाणी द्यायच्या त्या, पण शेजारी बसायच्या नाहीत.

"यांना वाटलं असेल, मला यांचं तोंडही बघायचं नाही," काकू म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, कळलं नाही. मला निरोप द्यायला त्या दारापर्यंत आल्या.

"तेव्हा ते कापायला किती वेळ लागला होता तुला?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ रेटेना.

"पाच मिनिटं, काकू."

त्यांनी मान हलवली आणि हळूच दार लोटून घेतलं.