लाल शाईचा ‘एक्सपिडाइट’

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तळव्यावर ‘एक्सपिडाइट’ हा एकच इंग्रजी शब्द उलटा कोरलेला आहे. त्याचा अर्थ, काम लवकर करा. शिक्केवाल्याने मला लाकडी मूठ बसवली आणि मी एका कार्यालयात दाखल झालो. तिथे गरजूंना कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे मंजूर होत.

हेडक्लार्क भाऊसाहेबांचा माझ्यावर भारी जीव. सुरुवातीला ते मला आठवड्यातून एखाद्या वेळी उचलत. पण जो येई त्याला घाई, आणि भाऊसाहेबांना कुणाला नाही म्हणवत नसे. हळूहळू मी जवळजवळ सगळ्या फायलींवर उमटू लागलो. मी आपला फुशारलो. प्रत्यक्षात तातडीचा गठ्ठा छताला टेकायला निघाला होता, आणि माझा ठसा नसलेले चार कागद आधी निकाली निघत होते.

त्या गठ्ठ्यात एका शिंप्याच्या मुलीची फाईल अडकली. मुलीला फारच कमी ऐकू येई आणि पुढच्या सोमवारी तिची शाळा सुरू व्हायची होती. मंगळवारी शिंपी तिसऱ्यांदा आला, तेव्हा भाऊसाहेबांनी मला पुन्हा उचलले.

“भाऊसाहेब, हिच्यावर आधीच दोन ठसे आहेत,” टायपिस्ट ताई म्हणाल्या.

“मग तिसरा मारू. बिचारा किती हेलपाटे घालतोय.”

“या शब्दाचं मूळ ठाऊक आहे का तुम्हाला? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अडकलेले पाय सोडवणं. नुसतं ‘सुटा’ म्हणून कुणाचे पाय सुटतात होय? कुठे अडकलंय ते बघू या की.”

त्यांनी फाईल उघडली. दुसऱ्या पानावर डॉक्टरांची सहीच नव्हती. इतके दिवस ते पान कुणी उलटलेच नव्हते. भाऊसाहेब ओशाळले. फाईल काखोटीला मारून ते स्वतः दवाखान्यात गेले आणि संध्याकाळच्या आत मंजुरी झाली. मला मात्र त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

शनिवारी शिंपी मुलीला घेऊन आला. तिच्या कानामागे नवे यंत्र होते. भाऊसाहेबांनी मला बाहेर काढले आणि कोऱ्या कागदावर दाणकन आपटले. मुलगी दचकली, मग हसली.

“परत मारा,” ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी अकरा वेळा मारले.

मित्रांनो, मला जपून वापरा, आणि अडलेली फाईल आधी उघडून पाहा. त्या अकरा ठशांनी कुणाचेही काम पुढे सरकले नाही. पण ते तिने ऐकले, म्हणून मी समाधानी आहे.