दुधीचा कॅन्सर बरा झाला

हडपसरच्या भाजी बाजारामागच्या त्या हॉलमध्ये चौसष्ट खुर्च्या होत्या, नव्वदच्या आसपास माणसं होती, सहा पंखे होते (पैकी चालू चार), एक यंत्र, एक तांब्याचा लोटा, एक टॉवेल आणि एक टाय होता. टाय हिंमतराव सरांच्या गळ्यात होता. डॉक्टर एकही नव्हता.

"हे अध्यात्म नाही," सर माइकवर सांगत होते. "हे क्वांटम आहे! अंगारा मागाल तर मिळणार नाही. इथे फक्त रीडिंग."

टाळ्या पडल्या. २००५ साली पुण्यात 'क्वांटम' या शब्दाला चांगला भाव होता.

यंत्र म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी पत्र्याची पेटी. तिच्यावर काट्याची तबकडी, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी. पेटीतून दोन वायरी निघत आणि प्रत्येकीच्या टोकाला पितळी दांडी. रुग्णाने दांड्या मुठीत धरायच्या. काटा लालमध्ये पडून राहिला तर रक्तात विष. मग दहा मिनिटं डोळे मिटायचे, मंदाकिनीताई नावाच्या सहायक बाई लोट्यातलं 'चार्ज केलेलं' पाणी हातांना लावायच्या आणि पुन्हा दांड्या. काटा हिरव्यात! माझ्यासमोर असे अकरा जण बरे झाले. पुढचा नंबर माझ्या भाचीचा होता.

सोनू सात वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं. सुरुवातीच्या जबर औषधांनी तो तपासणीत दिसेनासा झाला, तरी रोज रात्रीच्या गोळ्या आणि दर महिन्याचं इंजेक्शन अजून वर्षभर चालायचं होतं. मी चार महिन्यांनी बंगळूरहून आले होते. सोनूचे केस दाट झाले होते, चेहऱ्यावरची सूज उतरली होती.

"कशी दिसते?" दीपालीताईने, माझ्या बहिणीने, विचारलं.

"छान. गोळ्या नीट घेते का?"

"बंद केल्या ना! अडीच महिने झाले."

मी धम्मदीप भाऊजींकडे पाहिलं.

"लगेच तोंड वाकडं करू नकोस," ते म्हणाले. "बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे आपलं. बुवा असता तर पायरी चढलो नसतो. पण हे यंत्र आहे, आणि रिझल्ट डोळ्यांसमोर आहे. गोळ्या होत्या तेव्हा उलट्या, तोंडात फोड. इंजेक्शननंतर पाय दुखून रडायची. स्टिरॉइडच्या दिवसांत रात्री उठून भात मागायची, दिला की ताट फेकायची. औषधं बंद, सगळं बंद!"

भाऊजी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. दुसऱ्याच्या कामावर विश्वास न ठेवण्याचा त्यांना पगार मिळे. रविवारी ते सुट्टीवर असत.

"आणि हे काय?" सोनूच्या दोन्ही नडग्यांवर निळे डाग होते.

"विष बाहेर पडतंय," ताई म्हणाली. आवाज सरांइतका ठाम नव्हता. "सर म्हणाले, आधी वाढेल, मग जाईल."

सोय उत्तम होती. मुलगी सुधारली तर यंत्राचा गुण, बिघडली तरी यंत्राचाच.

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला."

"रीडिंग तर होऊ दे. हिरवं आलं तर पुन्हा सुया कशाला?"

सोनूचा पुकारा झाला. मंदाकिनीताईंनी तिचे हात टॉवेलने पुसले. काटा लालमध्ये. "पाहा, गोळ्यांचा गाळ!" सर गरजले. डोळे मिटले, पाणी लागलं, काटा हिरव्यात. टाळ्या. सोनू परत आली आणि बोट चाटू लागली.

"मावशी, खारट आहे."

"काय?"

"ते पाणी. मी दर वेळी चाटते. आधी हात खसाखसा पुसतात, मग खारट पाणी लावतात. कोरडे असले ना, की काटा झोपतो."

"भाऊजी, ऐकलंत?" मी म्हणाले. "कोरड्या कातडीतून वीज जेमतेम जाते, मिठाच्या पाण्यातून सहज जाते. काटा पाण्यामुळे हलतोय. रक्ताचा इथे संबंधच नाही. विकणाऱ्यानेच चाचणी घेतली आणि पास झालो म्हणाला, तर ऑफिसात तुम्ही सही कराल?"

भाऊजींनी ताईच्या पिशवीतला दुधी भोपळा उचलला आणि थेट टेबलापाशी गेले.

"सर, आमच्या घरातला अजून एक पेशंट आहे."

हॉल हसला. नव्वद माणसांसमोर नाही म्हणणं सरांना जड गेलं. "करा, करा. वनस्पतीतही प्राण असतो."

भाऊजींनी दुधी कोरडा पुसला, दोन बाजूंना दांड्या दाबल्या. लाल.

"अरेरे," मागून कोणीतरी म्हणालं, "लवकर आणायला हवं होतं."

त्यांनी लोट्यातलं पाणी दुधीवर ओतलं. हिरवा.

"अहो, ध्यान राहिलं ना त्याचं!" सर ओरडले.

मग भाऊजींनी टॉवेलच लोट्यात बुडवला आणि दांड्या त्यावर ठेवल्या. काटा हिरव्याच्या पार टोकाला.

"टॉवेलला काय झालं होतं, सर?"

"निगेटिव्ह माणसांसमोर यंत्र डिस्टर्ब होतं," सर म्हणाले आणि त्यांनी माइक बंद केला. पंचवीस-तीस जण उठले. बाकीचे बसून राहिले. "दुधीचं जाऊ द्या हो," पुढच्या रांगेतले आजोबा म्हणाले, "माझा नंबर आहे ना आता?"

आम्ही तिथूनच रिक्षाने हॉस्पिटलला गेलो. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सोनूच्या नडग्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं आणि हाडातल्या मज्जेची तपासणी सांगितली.

"पण ती सुधारली होती हो," ताई म्हणाली.

"उलट्या, फोड, सूज, पायांचं दुखणं हा औषधांचा त्रास होता. औषधं थांबली की तो थांबणारच. आजार गेला असा त्याचा अर्थ नाही. तपासणीत न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात. मूल चांगलं दिसत असतानाही गोळ्या देतो, त्या या पेशी मारण्यासाठी."

"आम्ही बंद केल्या, म्हणून..." भाऊजींनी विचारलं.

"नियमित औषध घेणाऱ्या मुलांतही कधी कधी आजार उलटतो. गोळ्या चुकल्या की धोका वाढतो. हिच्या बाबतीत नेमकं कशाने, ते मी सांगू शकणार नाही. ताप आला, डाग दिसले, हाडं दुखली, तर त्याच दिवशी यायचं. त्रास सोसवेना झाला तरी यायचं, मात्रा बदलता येते. पण बंद करायचं ते मला विचारून."

यंत्रापुढे बसलेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: ज्या परीक्षेत दुधी पास होतो, तिच्या भरवशावर मुलाचं औषध थांबवू नका. यंत्राला प्रश्न विचारा आणि डॉक्टरांनाही विचारा. उत्तर कोण देतं आणि माइक कोण बंद करतं, ते पाहा.

मज्जेत ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, पाच टक्क्यांच्या आत असल्या तर आजार आटोक्यात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. बुधवारी रिपोर्ट आला.

ब्लास्ट पेशी: एकसष्ट टक्के.