मान मोडणार नाही

शनिवारी बैलानं कोल्बीला डोक्यावर आपटलं. रविवारी दुपारी, अंतिम फेरीच्या आधी, आमच्या बापानं त्याला डॉक्टर इंग्रिडच्या तंबूत आणून बसवलं. मीही मागोमाग घुसले. कोल्बी माझा धाकटा भाऊ. सकाळी नाश्ता करताना त्याच्या हातून काटा सारखा निसटत होता, आणि बाप तिकडे बघायलाही तयार नव्हता.

आमच्याकडे ओक्लाहोमात रोडिओ, म्हणजे उधळत्या बैलावर टिकून बसायची स्पर्धा, म्हटली की मैदानामागे मणके मोडून देणाऱ्या कायरोप्रॅक्टरचा तंबू असतोच. बैलावरून पडलेले स्वार येतात, टेबलावर पालथे होतात, मणके कडाकडा मोडून घेतात आणि पुन्हा बैलावर चढतात.

"मान आखडलीय पोराची," बाप म्हणाला. "दे एक झटका. आता पाळी येईल त्याची."

इंग्रिडनं कोल्बीला हलू नकोस म्हणून बजावलं आणि मानेच्या मागे, मधोमध, अलगद बोट टेकवलं. तो कळवळला. मग तिनं आपली बोटं त्याच्या मुठीत दिली. "दाब. जोरात."

"दाबतोय की!"

तिचा चेहरा उतरला. "हातांना मुंग्या येतायत?"

"कालपासून," कोल्बी पुटपुटला.

"रॉयस, मी याची मान मोडणार नाही. आत हाड तडकलेलं असू शकतं. रुग्णवाहिका बोलावतेय."

"मग इथं बसलीयस कशाला? लिंबूसरबत विकायला?" बाप खेकसला. "मी याच्या वयाचा असताना असल्याच तंबूतून उठून बैलावर बसलो होतो!"

"आणि आज मान वळवायला अख्खं अंग वळवावं लागतं तुला. त्या दिवशी कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं."

बाप लालबुंद झाला. "ऊठ रे कोल्बी. ही घाबरट आहे. झटका मीच देतो."

त्यानं खरोखरच कोल्बीच्या हनुवटीला हात घातला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्या ताकदीनं ओढलं. तो मागच्या खुर्चीवर आदळला.

"हात लावून तर बघ त्याला!" मी ओरडले. बापाला मी आयुष्यात कधी अशी बोलले नव्हते. "पोराच्या नावापुढे तुझं नाव लाउडस्पीकरवर ऐकायचंय ना तुला? मग जा, तूच बस बैलावर!"

"डेलीन, तू मध्ये पडू नकोस!" कोल्बीच माझ्यावर भडकला. "मला जायचंय! वर्षभर याचसाठी मरमर केलीय मी!" तो उठायला गेला, पण इंग्रिडनं त्याचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून ठेवलं होतं. शिव्या खात ती तशीच उभी राहिली. रुग्णवाहिकेची माणसं येऊन त्याच्या मानेला पट्टा बांधेपर्यंत तिनं हात काढले नाहीत.

मानेचं हाड तडकलेलंच निघालं. एक झटका बसला असता तर पोरगा मानेखाली लुळा पडला असता, असं इस्पितळातल्या सर्जननं बापाच्या तोंडावर सांगितलं. बापानं ऐकून घेतलं, आणि त्याच आठवड्यात गावभर सांगत सुटला, की इंग्रिडनं पोराचं करिअर बुडवलं. लोकांनी ते खरं मानलं! पुढच्या रोडिओला आयोजकांनी तिला बोलावलंच नाही. तिच्या जागी बसवलेला माणूस कुणाला काही विचारत नाही, सरळ माना मोडतो, आणि त्याच्या तंबूबाहेर रांग असते.

हाड जुळावं म्हणून कोल्बी उन्हाळाभर लोखंडी चौकटीत डोकं अडकवून बसला. चौकट निघाली तेव्हा खांदे दगडासारखे झाले होते. "मला इंग्रिडकडे ने," तो एक दिवस आपणहून म्हणाला. तिनं त्याला पालथं न घालता, बसवूनच, बोटांनी हळूहळू खांदे मोकळे केले. मानेला अजून हात लावायचा नाही, म्हणाली.

"तुला राग नाही आला आमचा?" त्यानं विचारलं.

"आला ना. अजून आहे," ती म्हणाली. "खांदा सैल सोड."

बापाशी मी अजून बोलत नाही. तो जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसतो आणि मीठ कोल्बीकडे मागतो.