प्रेतं मागायला गेलेला दूत

मेनेतास परत आला तो कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. भट्टीपाशी येऊन बसला. निकारेतानं त्याच्यापुढं गरम पाण्याचा वाडगा सरकवला.

"अरे, बोल की काहीतरी. बाकीचे कुठं आहेत?"

"संपले."

"संपले म्हणजे?"

"माझ्या पुढचे नऊजण शिडीवर होते. तेवढ्यात वरून एक कौल खाली पडलं न् फुटलं. मग नुसता आरडाओरडा. चहूकडून मशाली आल्या. मी मागं फिरलो, बाई. एकसुद्धा वाचला नसणार."

पहाटेचं पिठूर बर्फ अजून भुरभुरत होतं. परातीतली जवाची कणीक निकारेताच्या हाताला चिकटून राहिली. दीड वर्ष झालं होतं वेढ्याला. थीबवाल्यांनी आणि स्पार्टावाल्यांनी प्लाटियाभोवती दुहेरी भिंत उभी केली होती. बायकापोरं आधीच अथेन्सला पाठवलेली. मागं राहिले होते लढणारे आणि त्यांना भाकरी करून घालणाऱ्या शंभर-सव्वाशे बायका. कोठारात आता धान्यापेक्षा उंदीर जास्त होते. म्हणून निम्म्या पुरुषांनी वादळाचा आडोसा घेऊन ती भिंत ओलांडायचं ठरवलं. चिखलात पाय घसरू नये म्हणून प्रत्येकानं एकाच पायात, डाव्या पायात, चप्पल घातली होती.

तिचा धाकटा भाऊ लाम्प्रियास जाणार नव्हता. बरेच जण ऐनवेळी कच खाऊन मागं राहिले, तसाच तोही राहणार होता. तीच त्याला बोलली होती, याच भट्टीपाशी, चारचौघींच्या देखत.

"तिरंदाज म्हणवतोस न् भिंतीला भितोस? बहिणीच्या हातच्या भाकऱ्या मोडत किती दिवस बसणार आहेस?"

लाम्प्रियासचे कान लाल झाले होते. "जातो मी, ताई," एवढंच म्हणून तो धनुष्य आणायला निघून गेला. ती त्याला दारापर्यंत सोडायलाही गेली नाही. रागात होती. खरं तर राग नव्हताच तो. तो इथं राहिला तर भुकेनं मरेल, ही भीती होती, आणि भीती तिच्या तोंडून नेहमी अशीच बाहेर पडायची.

उजाडताच गावातल्या कारभाऱ्यांनी ठरवलं, दूत पाठवायचा. थोडा वेळ लढाई थांबवा आणि आमची प्रेतं द्या, म्हणून सांगायचं. म्हातारा युमेलोस दूताची काठी घेऊन निघाला. निकारेता त्याच्यामागं वेशीपर्यंत धावत गेली.

"काका, मला येऊ द्या बरोबर. मी त्याला ओळखेन."

"वेडी का काय तू? बाईला बघून ते टवाळ्या करतील. तू पाणी तापवून ठेव, तेल काढून ठेव. आल्यावर न्हाऊ घालावं लागेल सगळ्यांना."

तेल होतं कुठं? तिनं दिव्यातलं काढलं, तर बोटभर निघालं. गेलेल्या दोनशेवीस माणसांना बोटभर तेल! मग तिनं ते एकट्या लाम्प्रियाससाठी फडक्याखाली लपवून ठेवलं आणि स्वतःचीच लाज वाटून पुन्हा बाहेर काढलं. शेजारी मिर्तोमावशी कणीक तिंबत होती. तिचा मुलगा ओनासिमोसही गेलेल्यांत होता, तोही तिरंदाजच. मावशी नुसती तिंबत होती.

युमेलोस परत आला तो जवळजवळ पळतच. म्हाताऱ्याला धाप लागली होती.

"प्रेतं नाहीतच!" तो ओरडला. "मी मागितली, तर पहारेकरी माझ्याच तोंडाकडं बघायला लागले. कसली प्रेतं म्हणतोस, म्हणाले. तुझी माणसं पसार झाली, म्हणाले. रात्रभर आमचे लोक मशाली घेऊन डोंगराच्या वाटेनं त्यांना शोधत होते, म्हणाले, न् हे लेकाचे गेले उलट थीबच्याच रस्त्यानं!"

माणसं हसायला लागली, एकमेकांना मिठ्या मारायला लागली. मेनेतास मात्र गुडघ्यात डोकं घालून बसला.

"सगळे सुटले ना, काका?" निकारेतानं विचारलं.

"एक सोडून. बाहेरच्या खंदकापाशी एकजण धरला गेला. तिरंदाज आहे म्हणे. नाव सांगेनात."

गेलेल्यांत तिरंदाज फार नव्हते. निकारेता तटाच्या पायऱ्या चढायला लागली. मागून मिर्तोमावशी आली, भिंतीला धरत, दमत. वर बोचरं वारं होतं. समोरच्या भिंतीवर शत्रूचे पहारेकरी जमले होते आणि त्यांच्यामध्ये, हात मागं बांधलेला, एका पायात चप्पल नसलेला माणूस उभा होता. गावाला दाखवायलाच त्यांनी त्याला वर आणलं होतं. तो उंच दिसत होता. लाम्प्रियास उंच होता.

मग एका पहारेकऱ्यानं त्याच्या डोक्यावरची टोपी काढून भिरकावली. खाली टक्कल होतं, चकचकीत.

लाम्प्रियासच्या डोक्यावर तर केसांचं जंगल होतं. निकारेताच्या छातीतून एकदम श्वास सुटला, हसल्यासारखा. तोंडावर हात दाबायला उशीर झाला. तो आवाज शेजारी उभ्या मिर्तोमावशीनं ऐकला होता.

"माझा आहे," मिर्तोमावशी म्हणाली. "तिशीतच सगळे केस गेले मेल्याचे. बापावर गेलाय."

"मावशी..."

"जिवंत आहे ना? उभा आहे ना पायावर?"

"उभा आहे."

मावशीनं दोन्ही हात वर केले, पिठानं माखलेले, आणि पोराला दिसतील असे हलवले. पलीकडून ओनासिमोसनं मान खाली-वर केली. पहारेकऱ्यानं त्याला ढकललं आणि तो भिंतीआड दिसेनासा झाला.

"तुझा सुटला, पोरी," मावशी वळून म्हणाली. "रड की मोठ्यानं. मला काही वाटणार नाही."

पण निकारेताला रडू फुटेना. तिनं म्हातारीच्या दंडाला धरलं. निसरड्या पायऱ्यांवरून एकेक पाऊल जपून टाकत दोघी खाली उतरायला लागल्या.